अगोटीचं गणित: महागाईत काय खायचं आणि कुणाकडून घ्यायचं

गणपती गेले आणि दुसऱ्याच दिवशी मी पिशवी घेऊन मासळी बाजारात. दोन महिने मासेमारीला बंदी, मग श्रावण, मग गणपती, घरात सगळे नुसत्या वासावर होते. पापलेटाचा वाटा, पाच नग, पाचशे रुपये. मी घासाघीस करून चारशेला आणला आणि घरी येऊन सासूबाईंना मोठ्या तोऱ्यात दाखवला. आमच्या सासूबाई मालवणच्या, त्यांनी एकेक पापलेट ताटात मांडलं, मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी मागवली आणि मापलं. बारा सेंटिमीटर. म्हणाल्या, "अगो, ह्येनी अजून अंडी पण घालूक नाय, आणि तू चारशे दिलस?"

नंतर मी शोधलं तर खरंच, राज्य सरकारनं २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीची कमीत कमी लांबी ठरवून दिलेली आहे, त्यापेक्षा लहान पकडायची नाही, आणि पापलेटाची आहे १३५ मिलिमीटर. त्याच वर्षी पापलेटाला राज्य मासा म्हणून जाहीर केलं हे विशेष. राज्य मासा आणि आम्ही त्याची पोरं तळून खातोय. आणि साफ केल्यावर पाच नगांचं मिळून मांस किती निघालं तर जेमतेम पावशेर. म्हणजे महागही खाल्लं आणि चुकीचंही खाल्लं.

तेव्हापासून मी घरातला बाजारहाट जरा डोकं लावून करते. माझा अनुभव असा की आपल्या किनाऱ्यावर बहुतेक वेळा स्वस्त पडणारं आणि मनाला न टोचणारं ताट एकच असतं, फक्त ते आपल्याला गरिबाचं वाटतं म्हणून नको असतं. पण काही ठिकाणी दोन्ही जमत नाही, तिथे कुठे पैसे वाचवायचे नाहीत हे आधीच ठरवून बाजारात जावं लागतं. खाली जे लिहिलंय ते चौघांच्या घराचं आहे, रत्नागिरीचं, भाव आमच्या बाजारातले आणि मी लिहिले तेव्हाचे, तुमच्याकडे वेगळे असणार, पद्धत तीच वापरा.

आधी एक महिना वही

हे सांगितलं की सगळे जांभई देतात पण याशिवाय पुढचं काहीच जमत नाही. साधी वही, चार रकाने: काय आणलं, किती रुपये, कुणाकडून, आणि शेवटचा महत्त्वाचा, त्यातलं टाकलं किती. चौथा रकाना भरायला लाज वाटते पण भरा. मोबाईलमधल्या ॲपवर नको, कारण ॲप मी उघडते आणि सासूबाई उघडत नाहीत, आणि निम्मी खरेदी त्यांची दारावर होते.

केंद्र सरकारची २०२३-२४ ची घरखर्चाची पाहणी आहे, त्यात गावातलं घर १०० रुपयांतले साधारण ४७ रुपये खाण्यावर घालतं आणि शहरातलं ४० च्या आसपास. आणि खाण्यातल्या गटांमध्ये सगळ्यात मोठा हिस्सा कशाचा, तर चहापाणी, बाहेरचं आणि तयार पाकीटबंद खाणं या गटाचा. आमच्या वहीत अगदी हेच आलं. मी आपली सुरमई महाग सुरमई महाग म्हणून रडत होते आणि तिकडे बिस्किटं, फरसाण, बाटलीतली सरबतं, मुलाचे वेफर्स हे मिळून महिन्याच्या सगळ्या मासळीपेक्षा जास्त निघाले. घरात पाच बरण्या कोकम आगळ असताना सरबताची बाटली विकत आणणारे आम्हीच!

टाकलेल्या रकान्यात काय होतं ते पण सांगते: शिळा भात जवळजवळ रोज, फ्रीजमध्ये तळाला गेलेली कोथिंबीर, आणि अर्धे नारळ, फोडले की लाल पडून फुकट. नारळाकडे पुढे येते.

किलोचा भाव विसरा, खाण्यालायक किती ते बघा

ही पायरी मला स्वतःला सगळ्यात उपयोगी पडली. स्वयंपाकघरातला छोटा काटा घ्या, तीनचारशेला मिळतो, आणि एकदाच प्रत्येक गोष्ट आणल्यावर एकदा आणि साफ केल्यावर एकदा अशी मोजा. आमचे आकडे असे आले: बांगडा एक किलो आणला तर डोकं, पोट, काटा जाऊन ६०० ग्रॅमच्या आसपास खाणं. सुरमईच्या तुकड्या ८०० पर्यंत. कोळंबी सोलल्यावर निम्म्याच्याही खाली, ४५० धरा. तिसऱ्या तर बोलूच नका, सगळं वजन शिंपल्याचं, त्या चवीसाठी खायच्या, पोट भरायला नाही.

आता प्रोटीन. ताज्या माशाच्या मांसात १०० ग्रॅमला २० च्या आसपास, मग तो बांगडा असो की सुरमई, यात फार फरक नाही, फरक फक्त भावात आणि पाहुण्यांच्या चेहऱ्यावर. एका अंड्यात सहा ग्रॅम. कुळथात १०० ग्रॅमला २२, मसूर-वाल तेवढेच किंवा थोडे जास्त, सोयाबीनच्या वड्यांत ५० च्या वर. मोठ्या माणसाला वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम लागतं असं आयसीएमआर या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचं म्हणणं आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅम.

मग वीस ग्रॅम प्रोटीन कितीला पडतं ते काढा. बांगडा २४० रुपये किलो असेल तर ४० रुपयांना. सुरमई ९०० असेल तर ११० च्या वर. कोळंबी ४५० असेल तर १०० ला. ब्रॉयलर चिकन हाडासकट २४० असेल तर साधारण ३५ ते ४० ला. अंडं सात रुपयांचं असेल तर २३-२४ ला. सुका जवळा, म्हणजे कोळंबीसारखा पण अगदी बारीक, ४०० रुपये किलो असला आणि ऐकून घाबरायला झालं तरी पाणी सगळं उडालेलं असतं, त्यामुळे वाळू-कचरा गेलेला धरूनही १५ च्या आसपास. कुळीथ ११० किलो असेल तर फक्त १० रुपयांना. सोयावड्या त्याहून कमी, पण आमच्याकडे त्या कुणी खात नाही, एकदा करून बघितल्या, मांजरानं पण नाही खाल्ल्या.

हा तक्ता मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. बाजारात जायच्या आधी बघून जाते.

मासळी घेताना तीन प्रश्न

पहिला प्रश्न, माप. पापलेट १३५ मिलिमीटर सांगितलंच, सुरमई ३७० मिलिमीटर, म्हणजे कोपरापासून मनगटाच्या पुढे गेली पाहिजे, हाताएवढी म्हणा ना. पट्टी घेऊन बाजारात जायची गरज नाही, तुमच्या स्वतःच्या हाताची वीत एकदा मोजून ठेवा, माझी अठरा सेंटिमीटर आहे, म्हणजे पापलेट वितीच्या पाऊण भागापेक्षा लहान असलं की मी पुढे चालू पडते. छोटी पापलेटं, हाताएवढीही नसलेली सुरमईची पिल्लं, हे स्वस्त दिसतं म्हणून उचलू नका, ते ना पैशाला परवडतं ना दर्याला. याउलट मांदेली, तारली, पेडवे, बांगडा हे मुळातच लवकर वाढणारे आणि पुष्कळ पोरवडा असलेले मासे, ते पूर्ण वाढलेले घेतले तर माझं मन शांत असतं. मोरीचं, म्हणजे छोट्या शार्कचं, उलट, ती हळू वाढते आणि पिल्लं मोजकी देते, त्यामुळे मोरीचं मटण आमच्याकडे जवळजवळ बंद केलंय. सासूबाई अजून त्यावर नाराज आहेत, बाळंतिणीला मोरी देतात हे त्यांचं ठाम म्हणणं, आणि मी त्यांच्याशी वाद घालत नाही. वर्षातून एकदा येते घरी, चालायचंच.

दुसरा प्रश्न, वेळ. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक बोटींना बंदी असते, कारण पावसाच्या सुमारास बऱ्याच माशांची अंडी घालायची वेळ असते आणि दर्यापण खवळलेला असतो. त्या दोन महिन्यांत मोठा सुरमई-पापलेट "एकदम ताजा" म्हणून कुणी देत असेल तर तो एक तर शीतगृहातला किंवा दुसरीकडून बर्फात आलेला किंवा चोरून पकडलेला, तिन्हीत आपला फायदा काय? त्या दिवसांत खाडीतलं, पागेरानं, म्हणजे हातानं फेकायच्या जाळ्यानं, मारलेलं, गरी टाकून काढलेलं थोडंफार मिळतं, ते घ्यावं, नाहीतर सुकं. त्याच्यासाठीच तर अगोट, म्हणजे पाऊस लागायच्या आत करून ठेवायची बेगमी, असते.

तिसरा प्रश्न जरा अवघड आहे: कुठल्या जाळ्याचं? विचारायला लाजू नका, "मावशी, कुणाच्या होडीचं गो?" असं सहज विचारलं तर त्या सांगतात. एकदा मला उत्तर मिळालं, "रापणीचा हाय वैनी, सकाळचाच." रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, ओढायला हात लावेल त्याला वाटा. गिलनेट म्हणजे वावरीचं जाळं, त्याच्या आसाच्या, म्हणजे भोकांच्या, मापामुळे बारकी पिल्लं बरीचशी निसटतात. पर्ससीन म्हणजे अख्खा थवाच गोल वेढा घालून उचलायचा, त्याला राज्यानं २०१६ पासून सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा ठेवलीय. आणि रात्री एलईडीचे झगझगीत दिवे पाण्यावर सोडून मासळी गोळा करण्यावर केंद्रानं २०१७ मध्येच बंदी घातलीय. किनाऱ्यावर राहणाऱ्याला हे सगळं माहीत असतं आणि रात्री समुद्रात दिवे पण दिसतात, मी जास्त लिहीत नाही.

प्रत्येक वेळी खरं उत्तर मिळेलच असं नाही, विकणारीला तरी लिलावात घेतलेल्या टोपलीचा सगळा इतिहास कुठे माहीत असतो. पण चार गिऱ्हाइकांनी रोज विचारलं तर पाचव्या दिवशी ती स्वतःहून सांगायला लागते, एवढं मी बघितलंय.

ताजेपणाचं थोडक्यात: कल्ला लाल, डोळा भरलेला, बोट दाबलं तर खड्डा राहू नये, आणि बांगडा उचलला तर काठीसारखा सरळ राहावा. बांगडा आणि कुपा, म्हणजे टूना, हे मासे उन्हात तासन् तास बर्फाशिवाय पडले तर त्यात हिस्टामीन तयार होतं आणि ते शिजवून जात नाही, खाल्ल्यावर तोंड लाल, अंगाला खाज, डोकं ठणकतं, आणि आपण म्हणतो मासा बाधला. म्हणून दुपारी एकला टोपलीत तळाला राहिलेला अर्ध्या भावाचा बांगडा कितीही मोह झाला तरी नको. पैसे वाचवायची हौस डॉक्टरकडे फिटते.

भाव कुठे करायचा आणि कुठे नाही

मासळी का महागली हे जरा डोक्यात असू दे. यांत्रिक बोटीच्या फेरीचा सगळ्यात मोठा खर्च डिझेल, मग बर्फ, मग खलाशांचा पगार, आमच्याकडच्या मोठ्या बोटींवरचे बरेचसे खलाशी नेपाळहून आलेले असतात, महिनोन्महिने घर सोडून. वरून हवामान. २०१९ ला ऐन हंगामात क्यार आणि लगेच महा ही चक्रीवादळं, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते, प्रत्येक वेळी बोटी किनाऱ्याला आणि हप्ते चालूच. मासळी मिळाली नाही तरी डिझेल जळतंच.

आणि या सगळ्यात शेवटी टोपली घेऊन बसलेली बाई, जी पहाटे लिलावात रोख किंवा उधारीवर माल उचलते आणि संध्याकाळपर्यंत खपला नाही तर नुकसान तिचं, तिच्याशी आपण पन्नास रुपयांसाठी भांडतो, आणि मॉलमध्ये फ्रोजन पाकिटावर छापलेला भाव गुपचूप देतो. मी स्वतः हेच करत होते, वर सांगितलंच की चारशेला आणलं म्हणून किती मिरवलं.

आता आमचा नियम असा आहे. वाट्याचा भाव एकदाच विचारायचा, जमला तर घ्यायचा, नाही जमला तर दुसरा मासा घ्यायचा. घासाघीस नाही. त्याबदल्यात एकच मागणं, साफ करून दे. हा सगळ्यात चांगला व्यवहार आहे, साफ करणाऱ्या बाईला तिचे वेगळे पैसे द्या, वीस-तीस रुपये, आणि डोकी टाकून देऊ नका म्हणून सांगा. सुरमईच्या डोक्याचं कालवण तुकड्यांपेक्षा सरस होतं हे ज्याला कळलं त्याची महागाई अर्धी कमी झाली. दोनतीन महिने एकाच मावशीकडून घेतलं की ती स्वतःच सांगते, "वैनी, आज नको, उद्या ये." हा सल्ला फुकट मिळतो आणि कितीही पैसे दिले तरी दुसरीकडे मिळत नाही.

भाव करायचाच असेल तर किराणा दुकानात करा, पाच किलो कुळीथ एकदम घेताना करा, तेलाच्या डब्याला चार दुकानं फिरा.

अगोटीची बेगमी, मे महिन्यातली कामं

पूर्वी कोकणात मे महिना म्हणजे निम्मं घर अंगणात असायचं. सुकं, मीठ, मिरच्या, कडधान्य, आमसुलं, फणसाच्या आठळ्या, जळाऊ लाकूड, पाऊस लागायच्या आत सगळं भरून ठेवायचं. रस्ते झाले, दुकानं झाली आणि हे मागे पडलं. पण दरवर्षी जून-जुलैला घाटावरून येणारी भाजी महागते, कधी दरड कोसळून घाट बंद होतो, २०२३ च्या जुलैत तर टोमॅटोनं देशभर रडवलं, तेव्हा आठवतं की आपल्याकडे यावर उपाय आजीच्या काळापासून होता. आपल्या ताटातली बहुतेक भाजी आणि पिशवीतलं दूध घाटावरून येतं, हे एकदा मान्य केलं की अगोटीचं महत्त्व वेगळं समजवावं लागत नाही.

सुकं घेताना हे बघा. जवळा गुलाबीसर आणि कुरकुरीत हवा, मुठीत दाबून सोडला की मोकळा झाला पाहिजे, गोळा झाला तर ओला आहे. नाकाला झोंबणारा वास येत असेल तर सोडा. मूठभर जवळा पांढऱ्या फडक्यात घेऊन झटका, खाली वाळू किती पडते ते दिसेल, किलोमागे पन्नास-शंभर ग्रॅम वाळू विकत घेण्यापेक्षा वीस रुपये जास्त देऊन ओट्यावर किंवा जाळीवर वाळवलेला घेतलेला परवडतो. वाळूवर सुकवलेल्याला नाक मुरडू नका म्हणा पण, ज्या बायकांकडे ओटे नाहीत त्या कुठे सुकवणार. बोंबील आपल्याकडे बहुतेक रायगड, मुंबई, पालघरकडून येतात, ते मोडल्यावर कट्कन आवाज आला पाहिजे.

घरी आणल्यावर जवळा चाळणीनं चाळायचा, कचरा निवडायचा, मग गच्चीवर चादरीवर दोन कडक उन्हं द्यायची, वरून जुनी मच्छरदाणी टाकायची नाहीतर कावळे आणि मांजरं बेगमी करतात. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, गरम भरलंत तर आत घाम धरतो आणि ऑगस्टपर्यंत बुरशी, आमचा पहिल्या वर्षीचा दोन किलो जवळा असाच खाऱ्या मातीत पुरावा लागला. पत्र्याचा किंवा जाड प्लास्टिकचा घट्ट झाकणाचा डबा, झाकणाला आतून वर्तमानपत्र. श्रावणात एखादं चांगलं ऊन पडलं की परत एकदा बाहेर काढायचं. खारे बांगडे वेगळ्या डब्यात, कारण ते ओलसर असतात आणि सगळ्यांना पाणी सोडतात. करायच्या आधी अर्धा तास भिजवून ते पाणी फेका, परत धुवा, घरात ब्लडप्रेशरचं माणूस असेल तर दोनदा.

आठळ्यांना ओल्या लाल मातीचा लेप देऊन सावलीत वाळवून ठेवतात, पावसात उकडून किंवा चुलीत भाजून किंवा भाजीत. याला एक रुपया लागत नाही. मे महिन्यात फणस झाडाखाली कुजून घमघमतोय आणि आपण त्याच दिवशी चाळीस रुपये देऊन घाटावरचा फ्लॉवर आणतोय, ही आपली तऱ्हा. कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी एकदा करून बघा, वरून ओले काजूगर मिळाले तर फारच छान.

पाऊस लागला की टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळं बाजारात येतात, रानातून आणणाऱ्या बायका वीस-तीस रुपयांना जुडी देतात. शेवळं खाजरी असतात, काकडं, म्हणजे त्याच दिवसांतली आंबट रानफळं, घालूनच करायची. अळंबी फक्त ओळखीच्या माणसाकडून, त्यात प्रयोग नको. या भाज्यांचाही भाव करू नका, डोंगर चढून आणलेल्या असतात.

कुळीथ, आणि पिठीबद्दल एक कडू गोष्ट

भात कापला की त्याच ओलीवर कुळीथ-वाल-चवळी होते, वेगळं पाणी लागत नाही, खत फारसं नाही, आणि जमिनीत नत्र सोडून जाते. खाणाऱ्याच्या, पिकवणाऱ्याच्या आणि जमिनीच्या अशा तिघांच्या फायद्याची वस्तू मला तरी दुसरी माहीत नाही. शक्यतो गावातल्या शेतकऱ्याकडूनच एकदम पाच किलो घ्या, दुकानापेक्षा दहा रुपये जास्त मागितले तरी द्या, कारण ते पीक टिकायचं असेल तर त्याला परवडलं पाहिजे. यावर मी पैसे वाचवत नाही.

पीठ करायचं तर कुळीथ निवडून मंद आचेवर खमंग भाजा, रंग बदलून वास सुटला पाहिजे, करपवू नका. गार करून जात्यावर किंवा चक्कीवर भरडा, पाखडून सालं काढा, मग बारीक दळा. पिठीला फोडणीत ठेचलेल्या सातआठ लसूण पाकळ्या, मिरची, कांदा, तीनचार वाट्या पाणी, चार आमसुलं, मीठ, उकळी आली की वाटीभर पाण्यात कालवलेलं चार चमचे पीठ ढवळत ढवळत सोडायचं, सातआठ मिनिटं शिजवायचं. वर चून, म्हणजे खवलेलं खोबरं, असेल तर घाला नाहीतर नका घालू.

आता कडू गोष्ट. चार मोठे चमचे पीठ म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम, त्यात प्रोटीन बारा-तेरा ग्रॅम, ते चौघांत वाटलं तर माणशी तीन. म्हणजे पिठी-भात खाल्ला आणि कडधान्य खाल्लं असं समजून बसलो तर फसलो. आम्ही हे दोन वर्षं करत होतो. ज्या दिवशी मासा नाही त्या दिवशी पाव किलो कुळथाची मोड आणून उसळ, तेव्हा कुठे माणशी तेरा-चौदा ग्रॅम होतं. पिठी असेल तर सोबत अंडं किंवा भाजलेला जवळा. भातासोबत खाल्लं की कडधान्यात जे कमी असतं ते भातातून भरून निघतं, म्हणून पेज-उसळ, डाळ-भात ही जोडी आपल्या लोकांनी सोडली नाही.

नाचणीचं एका वाक्यात: १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, आठवड्यात दोन दिवस भाकरी, एक दिवस आंबील, मुलं बोंबलतात, बोंबलू देत.

अंडी, चिकन, नारळ

इथे माझं गणित स्वच्छ बसत नाही. पिंजऱ्यातल्या कोंबडीचं अंडं सात रुपये, गावठी पंधरा. पिंजऱ्यात त्या कोंबडीला पंख पसरता येत नाहीत हे मला माहीत आहे आणि तरी मुलाच्या डब्यासाठी रोज गावठी अंडं परवडत नाही. मधला मार्ग असा काढलाय, डब्याला साधी, आणि शेजारच्या काकूंकडून आठवड्याला सहा गावठी, त्यांच्या कोंबड्या आमच्याच परसात चरतात. चिकन महिन्यातून दोनदाच. यात एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते, जाळ्यात आलेली बारकी पिल्लं आणि कमी भावाची मासळी फिशमीलच्या कारखान्यात जाते आणि त्या भुकटीतून कोंबडीचं आणि तळ्यातल्या कोळंबीचं खाद्य होतं. म्हणजे मासे नको, चिकन खाऊ, असं म्हटलं म्हणून दर्या वाचतोच असं नाही. आमच्याकडचे शुद्ध शाकाहारी नातेवाईक यावर खूश होतात, पण त्यांचं पनीर घाटावरून थंड गाडीत येतं ते मी त्यांना सांगत नाही, जेवायला आलेले असतात.

नारळ पंचवीसचा पन्नासवर गेला तेव्हा घरात खरा भूकंप झाला. २०२५ मध्ये देशभरच नारळ आणि खोबरेल भडकलं, आणि आपल्याकडे २०२० च्या निसर्ग वादळानं दापोली-श्रीवर्धन पट्ट्यातल्या वाड्या आडव्या केल्या होत्या, नारळाचं नवीन झाड फळावर यायला वर्षं जातात. मग काय केलं, तर फोडलेला नारळ त्याच दिवशी अख्खा खवायचा, वाटीवाटीनं पुड्या करून फ्रीजरला, फुकट जायचं शून्य झालं. आठवड्यात तीन दिवस बिननारळाचं: बांगड्याचं तिकलं, म्हणजे मिरची, हळद, आमसुलं, ठेचलेली तिरफळं आणि थोडं तेल, एवढंच, खोबरं लागत नाही आणि त्याची आठवणही येऊ नये इतकं झक्क होतं. वाल, जवळा-कांदा यांनाही नसलं तरी चालतं. सोलकढी मात्र रविवारीच. दारावर वाडीतले नारळ घेऊन येणाऱ्याकडून अजून मी भाव करत नाही, त्याला कधी नव्हे ते चार पैसे मिळतायत.

तेलाबद्दल फार नाही, आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरच्या देशातून आणतो, आयातशुल्क वरखाली झालं की डबा वरखाली होतो, आपल्या हातात फक्त तळण कमी करणं. रव्यात घोळवून तव्यावर चार चमचे तेलात बांगडा होतो, कढईभर लागत नाही.

शिळ्या भाताचं पण सांगून टाकते, वहीच्या चौथ्या रकान्यात तो सगळ्यात जास्त होता. आता रात्री उरला की थंड झाल्याबरोबर झाकून फ्रीजला, सकाळी ताकातला भात किंवा वाटून आंबोळीच्या पिठात. बाहेर ओट्यावर रात्रभर ठेवू नका, आमच्या दमट हवेत चार तासांत आंबतो आणि पोट बिघडतं.

या वर्षीची यादी

वहीच्या शेवटच्या पानावर आहे तशी देते, चौघांची, जून ते गणपतीपर्यंत. कुळीथ पाच किलो, त्यातलं दीड किलो पिठाला. वाल दोन, चवळी दोन, मसूर तीन. नाचणी आठ. उकडा तांदूळ पंचवीस, हा गावच्या भाताचा, बाकी बाजारातून. जवळा दोन किलो. खारे बांगडे पंधरा नग. बोंबील अर्धा किलो. आमसुलं एक किलो, आगळ घरचं. मिरची-मसाला तीन किलो. आठळ्या शंभरएक, माती लावून. लसूण दोन किलो, टांगून.

सासूबाईंनी काल चष्मा लावून सगळं वाचलं, पेन मागितलं, जवळ्याचे दोन खोडून अडीच केले, आणि पुढे लिहिलं, "अर्धो शेजारच्या काकूक, अंडी देता ती."